पडद्यामागचे शिक्षण : कोठे मिळते आणि कसे मिळवावे

सन २०११ च्या जून महिन्यातली गोष्ट. पहिल्याच मोठ्या पावसात हिंदमाताला नेहमीप्रमाणे गुडघाभर पाणी साचले होते आणि त्यामुळे बँकेत गर्दी नव्हती. आमच्याच चाळीतल्या एक मावशी भिजलेल्या साडीनिशी काउंटरवर आल्या. पिशवीतून त्यांनी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली मुदत ठेवीची पावती काढली. त्यांचे यजमान गिरणीत होते. संपानंतर पुष्कळ वर्षांनी जी काही रक्कम हाती आली होती, तिच्यातली ही शेवटची पावती होती, साठ हजारांची.

"मोडायची आहे रे बाळा. पोराचं नाव घालायचंय ॲक्टिंगच्या क्लासात. क्लास झाला की टीव्हीवर काम मिळवून देतात म्हणे."

मी अर्ज भरून घेतला, मुदतीपूर्वी पावती मोडल्यास व्याज किती कमी मिळेल तेवढे सांगितले आणि सही घेतली. त्यापलीकडे एक अक्षरही बोललो नाही. चार महिन्यांनी त्या क्लासला कुलूप लागले. फोन बंद झाले. पैसे गेले. दिवाळीच्या सुमारास मावशी जिन्यात भेटल्या तेव्हा त्या क्लासवाल्यांवर रागावल्या नाहीत. मला एवढेच म्हणाल्या, "तू बँकेतला माणूस. तू तरी सांगायचंस."

खरे तर मी सांगणार काय? मला स्वतःलाच काही ठाऊक नव्हते. कला शाखेचा पदवीधर, नोकरी बँकेत, आणि चित्रपटाशी संबंध तिकीट काढण्यापुरता. परंतु ते वाक्य मनातून गेले नाही. तेव्हापासून या क्षेत्रातले शिक्षण कोठे मिळते, त्याला खर्च किती, पात्रता काय, फसवणूक कशी ओळखावी, याची माहिती जमेल तशी गोळा करीत आलो. मंडळाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने ती आपल्या सभासदांपुढे आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहे. आपली मुले या धंद्यात शिरत नाहीत असे नाही. ती शिरतात, पण बहुतेक वेळा सर्वांत खालच्या दाराने शिरतात आणि तेथेच राहतात. वर जाण्याचे जिने असतात, ते कोणी दाखवीत नाही. माझ्या मते अडचण पैशांची आहेच, पण त्याहून मोठी अडचण माहितीची आहे.

हा वारसा आपल्याच परिसरातला

हिंदमाता हे आपल्या नाक्याचे नावच एका चित्रपटगृहावरून पडले. येथून चालत गेल्यास थोड्याच वेळात दादरचा दादासाहेब फाळके मार्ग लागतो. या रस्त्यावरच्या मथुरा भवनात फाळक्यांनी आपला स्टुडिओ उभारला आणि तेथे तयार झालेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला. हे आपण शाळेत शिकलो. पण फाळक्यांनी हे सारे शिकले कोठे, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही.

फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले, बडोद्याच्या कलाभवनात शिकले, छायाचित्रणाचा आणि छपाईचा व्यवसाय केला, छपाईचे तंत्र समजून घेण्यासाठी जर्मनीला जाऊन आले. चित्रपट काढायचे ठरविले तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. तरीही त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, १९१२ साली लंडन गाठले आणि सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रीकरणाचे तंत्र पाहून घेतले. परत येताना कॅमेऱ्याची तजवीज करून आले. घरी आल्यावर पत्नी सरस्वतीबाईंना फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामे शिकविली. म्हणजे भारतीय चित्रपटाची सुरुवात पाहिली तर एक माणूस चाळिशीनंतर नवे तंत्र शिकला आणि एक गृहिणी घरातच तंत्रज्ञ झाली. "आता या वयात काय शिकायचे?" असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पुढे आपल्याच भागात मोठमोठे स्टुडिओ आले. दादरला चंदुलाल शहांचे रणजित, परळला १९४२ मध्ये व्ही. शांतारामांचे राजकमल. या स्टुडिओंत शिकवणे म्हणजे उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी. स्वतः शांताराम कोल्हापुरात बाबुराव पेंटरांच्या कंपनीत पडेल ते काम करून तयार झाले. ही पद्धत वाईट नव्हती. कॅमेऱ्याची पेटी उचलणारा पोरगा दहा वर्षांनी कॅमेरामन होई. परंतु तिच्यात एक मोठी खोट होती. उस्ताद ज्याला जवळ करी तोच शिके, आणि उस्ताद बहुधा आपल्या नात्यातल्या, आपल्या गावच्या पोराला जवळ करी. ज्याचे कोणी आत नव्हते, तो दाराबाहेरच राही.

संस्थेत शिक्षण सुरू झाले

स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ साली आपला अहवाल दिला. देशात चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था असावी, ही तिच्या महत्त्वाच्या शिफारशींपैकी एक. त्यानुसार १९६० साली पुण्यात प्रभात कंपनीच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९७२ च्या २ ऑक्टोबरला वरळीहून मुंबई दूरदर्शन सुरू झाले. १९७४ मध्ये दूरदर्शनच्या लोकांना शिकविणारा विभागही पुण्याला जोडला गेला. संस्थेचे नाव आता फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट, म्हणजेच एफटीआयआय, असे आहे. १९९५ मध्ये कोलकात्याला सत्यजित राय यांच्या नावाने दुसरी संस्था निघाली. २०२५ मध्ये या दोन्ही संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

या घटनेचे महत्त्व असे की, प्रथमच या धंद्यात शिरण्यासाठी ओळखीऐवजी परीक्षा हा मार्ग झाला. परीक्षा आली म्हणजे अभ्यास करता येतो, राखीव जागा मागता येतात. केरळातल्या साध्या घरातला, भौतिकशास्त्र शिकलेला रसूल पूकुट्टी पुण्यात ध्वनीचे शिक्षण घेऊन १९९५ साली बाहेर पडला आणि २००९ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. त्याचा मार्ग प्रवेश परीक्षेतून गेला.

कोणते काम, कोणते शिक्षण?

आपल्या मुलांना चित्रपट म्हटले की नट दिसतो. खरे म्हणजे एका दिवसाच्या चित्रीकरणाला नट पाच-सात असतात आणि पडद्यामागे साठ-सत्तर माणसे राबत असतात. छायाचित्रण, प्रकाशयोजना, ध्वनिमुद्रण, संकलन, कलादिग्दर्शन, रंगभूषा, केशभूषा, वेशभूषा, सुतारकाम, रंगकाम, पटकथालेखन, निर्मिती व्यवस्था आणि आता संगणकावरचे दृश्य परिणाम. यांतले प्रत्येक काम शिकण्याचे वेगळे ठिकाण आहे. ते क्रमाने पाहू.

पहिली, राष्ट्रीय संस्था. पुण्याच्या संस्थेत दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी यांचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. कलादिग्दर्शन, अभिनय, पटकथालेखन हेही आहेत. दूरचित्रवाणी विभागाचे अभ्यासक्रम एक वर्षाचे आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. प्रवेशासाठी पदवी लागते, बहुतेक शाखांना कोणत्याही विषयाची चालते. ध्वनी विषयासाठी मात्र बारावीला भौतिकशास्त्र असणे आवश्यक आहे. म्हणून ज्या मुलाला ध्वनीची आवड आहे त्याने दहावीनंतरच याचा विचार करावा. कलादिग्दर्शनासाठी चित्रकला, उपयोजित कला, वास्तुशास्त्र यांसारखी पार्श्वभूमी मागतात. एकेका शाखेला जागा जेमतेम दहा-बारा असतात. त्यात केंद्र सरकारच्या नियमानुसार राखीव जागा आहेत.

येथे आपल्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्ती कायद्याने मिळाल्या. पण केंद्रीय संस्थेला जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातच लागतो. राज्याच्या नमुन्यातला दाखला घेऊन गेलेला उमेदवार ऐनवेळी धावपळ करतो. अर्जाची जाहिरात निघण्याची वाट न पाहता हा दाखला आधीच काढून ठेवावा.

दुसरे, छोटे अभ्यासक्रम. ज्याला तीन वर्षे घर सोडून राहणे शक्य नाही, त्याच्यासाठी पुण्याच्या संस्थेने २०१७ पासून 'स्किफ्ट' या नावाने काही दिवसांचे, काही आठवड्यांचे वर्ग देशातल्या निरनिराळ्या गावी नेण्यास सुरुवात केली. पटकथा, डिजिटल छायाचित्रण, अभिनय असे विषय त्यात आले. चित्रपट रसग्रहणाचा त्यांचा उन्हाळी वर्ग तर जुना आणि नावाजलेला. प्रा. सतीश बहादुर यांनी त्याचा पाया घातला. त्याला शिक्षक, कारकून, गृहिणी असे सर्व प्रकारचे लोक जात आले आहेत. अशा छोट्या वर्गाने कोणी लगेच तंत्रज्ञ होत नाही. पण आपल्याला हे काम खरोखर आवडते काय, याची परीक्षा थोड्या पैशांत होते. तीन लाख भरल्यावर आवड नसल्याचे कळण्यापेक्षा हे कधीही बरे.

तिसरी, विद्यापीठे आणि महाविद्यालये. या बाबतीत नागराज मंजुळे यांचे उदाहरण सर्वांनी लक्षात घ्यावे. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरसारख्या गावातून आलेल्या या तरुणाने पुणे विद्यापीठात मराठीचे एम. ए. केले आणि नंतर अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेतले. तेथे शिकत असताना केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे 'फँड्री' आणि 'सैराट' आले. म्हणजे गावाकडचे साधे महाविद्यालय असले तरी तेथे कॅमेरा हाती मिळतो काय आणि शिक्षक आपलेपणाने शिकवितात काय, हेच महत्त्वाचे. मुंबईत जनसंपर्क माध्यमांचे पदवी अभ्यासक्रम अनेक महाविद्यालयांत आहेत. धोबी तलावच्या झेवियर्समधली संज्ञापन संस्था १९६९ पासून चालू आहे. अभिनय आणि रंगभूमीकडे कल असणाऱ्याला मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी २००३ पासून खुली आहे.

चौथे, तंत्राचे शिक्षण, आणि माझ्या मते आपल्या वस्तीतल्या मुलांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते याच्याकडे. प्रकाशयोजनेच्या विभागात काम करणाऱ्या मुलाजवळ आयटीआयचे विजतंत्रीचे प्रमाणपत्र आणि शासनाचा तारतंत्री परवाना असेल, तर तो नुसता दिवे उचलणारा राहत नाही. जनित्राचा भार किती, तार किती जाडीची लागेल, हे त्याला कळते आणि त्याच्या शब्दाला वजन येते. सुतारकाम, रंगकाम, शिवणकाम यांचेही तसेच. वेशभूषेच्या बाबतीत तर भानू अथैया यांचे नाव घेतलेच पाहिजे. कोल्हापूरच्या या बाई जे. जे. मध्ये चित्रकला शिकल्या आणि 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली भारताचे पहिले ऑस्कर त्यांना मिळाले. आपल्या हिंदमाताच्या बाजारात रोज हजारो वार कापड मोजून देणाऱ्या आणि शिवणाऱ्या पोरांपैकी कोणाला कापडाची, रंगाची, घडीची जाण नसेल असे मला वाटत नाही. ती जाण कोठे विकली जाते, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही, एवढेच.

पाचवे, नवे संगणकी तंत्र. ॲनिमेशन, दृश्य परिणाम आणि संगणकी खेळ यांच्यासाठी केंद्र सरकारने मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था काढली असून २०२५ च्या जुलैमध्ये पेडर रोडला तिचे काम सुरू झाले. खाजगी संस्थाही पुष्कळ आहेत. गोरेगावच्या चित्रनगरीत २००६ मध्ये निघालेली व्हिसलिंग वूड्स ही त्यांत प्रसिद्ध. तिची साधने उत्तम, पण फी काही लाखांत जाते. तेव्हा खिसा पाहून पाऊल टाकावे.

जे आधीच कामावर आहेत त्यांचे काय?

शिक्षण म्हटले की आपण तरुण मुलांचाच विचार करतो. परंतु या धंद्यात चाळिशी-पन्नाशीचा माणूस एका रात्रीत निरुपयोगी ठरल्याची उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. पूर्वी संकलन म्हणजे टेबलावर फिल्म कापून जोडणे होते. ते संगणकावर गेले. २०१० नंतरच्या चार-पाच वर्षांत रिळांवरचे चित्रीकरण जवळजवळ थांबले. फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळा बंद पडल्या, निगेटिव्ह कापणारे कारागीर घरी बसले. चित्रपटगृहातला ऑपरेटर आयुष्यभर रिळे बदलत आला होता, त्याच्या खोलीत एक पेटी आली आणि त्याचे कसब संपले. सेटवर मोठे उष्ण दिवे जाऊन एलईडीचे दिवे आले. ज्यांनी वेळीच नवे तंत्र शिकून घेतले ते टिकले. गिरणगावाला हे वेगळे सांगायला नको. यंत्र बदलले आणि माणसाला नवे काही शिकविले नाही तर काय होते, हे आपल्या बापजाद्यांनी भोगले आहे.

मग शिकावे कसे? सेटवरची पाळी बारा-बारा तासांची. गोरेगाव, मालाडहून रात्री घरी यायचे आणि पहाटे पुन्हा निघायचे. यावर तीन उपाय मला दिसतात.

एक म्हणजे अनुभवालाच प्रमाणपत्र मिळविणे. २०१२ मध्ये स्थापन झालेली मीडिया अँड एंटरटेनमेंट स्किल्स कौन्सिल ही या क्षेत्राच्या कौशल्यांचे निकष ठरविते. सरकारच्या कौशल्य योजनेत 'पूर्वज्ञानाला मान्यता' नावाची एक सोय आहे. ज्याने शाळेत न जाता काम शिकले, त्याची छोटी परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देतात. दहा वर्षे दिवे हाताळणाऱ्याला कागदावर 'अकुशल' म्हणून राहण्याचे कारण नाही.

दुसरा उपाय म्हणजे संघटना. पश्चिम भारतातल्या चित्रपट कर्मचाऱ्यांच्या निरनिराळ्या संघटनांचा मिळून एक महासंघ आहे. कॅमेरामन, संकलक, ध्वनिमुद्रक, लेखक, रंगभूषाकार, सेटवरचे मजूर, प्रत्येकाची वेगळी संघटना. पटकथालेखकांची संघटना कार्यशाळा घेते, करारपत्र कसे वाचावे हेही शिकविते. अनेक कामगार संघटनेचे कार्ड घेतात ते केवळ सेटवर कोणी अडवू नये म्हणून. कार्ड घेतल्यावर "आपल्या संघटनेत शिकण्याची काय सोय आहे?" हा प्रश्न सभेत उभे राहून विचारावा. सोय नसेल तर मागावी.

तिसरा उपाय फुकटचा आहे. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या संकेतस्थळावर २०१७ पासून विद्यापीठांचे अभ्यासक्रम घरबसल्या करता येतात. संकलन आणि रंगसंस्कार यांसाठी धंद्यात वापरले जाणारे 'डाविन्ची रिझॉल्व्ह' हे सॉफ्टवेअर त्याच्या साध्या रूपात विनामूल्य मिळते. आणि चांगले चित्रपट पाहणे हेही शिक्षणच आहे. आपल्या दादर भागात रुजलेले प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून जगातले चित्रपट दाखवीत आले. सुधीर नांदगावकरांसारख्यांनी ते वाढविले. 'वास्तव रूपवाणी' हे त्यांचे नियतकालिक मराठीतून चित्रपटाचा विचार करते. मुंबईचा माहितीपट महोत्सवही १९९० पासून भरत आला आहे. तेथे मोठ्या तंत्रज्ञांची व्याख्याने ऐकायला मिळतात.

नोकरी सांभाळून शिकणे ही आपल्याला परकी गोष्ट नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वर्ग सकाळी ठेवले. कारकून, शिपाई, कामगार सकाळी वर्गात बसत आणि तेथून कामावर जात. आज नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून तेच काम दुसऱ्या पद्धतीने करीत आहे. पदवी नाही म्हणून ज्याचा पुण्याचा मार्ग बंद आहे, त्याने आधी हा दरवाजा ठोठवावा.

मुलींसाठी एक निकाल

चित्रपटात अनेक वर्षे एक विचित्र नियम होता. रंगभूषाकार पुरुषच असावा, बाईने केस विंचरावेत. शिक्षण घेतलेल्या स्त्रीलाही रंगभूषाकाराचे कार्ड मिळत नसे. चारू खुराना यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनाबाह्य ठरविला. महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य हवे ही अटही गेली. या निकालातून दोन गोष्टी शिकाव्यात. शिक्षण असून दार बंद असेल तर घटनेचा आधार घेता येतो. आणि आधार घेणाऱ्या बाईंजवळ रंगभूषेचे रीतसर शिक्षण होते, म्हणून त्यांचा दावा बळकट झाला. आपल्या ज्या मुली ब्यूटी पार्लरच्या कामात हुशार आहेत, त्यांनी हा निकाल माहीत करून घ्यावा.

कायद्याचा विषय निघाला आहे तर आणखी एक. चित्रपट कामगारांसाठी १९८१ साली स्वतंत्र कायदा झाला. लेखी कराराशिवाय कामावर ठेवू नये, असे त्यात होते. आता ती तरतूद २०२० च्या कामगार संहितेत आली असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात दृक्‌श्राव्य कामगार असा व्यापक शब्द असल्याने दूरचित्रवाणी आणि डिजिटल माध्यमांतले कामगारही येतात. लेखी करार हा कामगाराच्या अनुभवाचा पुरावा असतो. पुढच्या शिक्षणाला, प्रमाणपत्राला, कर्जाला तोच उपयोगी पडतो. तेव्हा तो जपून ठेवावा.

पैशांची बाजू

आता माझ्या टेबलावरचा विषय. शैक्षणिक कर्ज ४ लाखांपर्यंत असेल तर बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. मात्र व्याज चढत असते. शक्य असेल तर ते अधूनमधून भरीत जावे, म्हणजे पुढे ओझे होत नाही. पालकाला सहकर्जदार म्हणून सही करावी लागते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नाची मर्यादा वार्षिक अडीच लाखांची असून अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरायचा असतो. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे कर्ज योजना आहेत. चित्रपट कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय कामगार मंत्रालयाने शिष्यवृत्तीची योजना चालविली आहे. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर असतो आणि त्या त्या वर्षाची मुदत तेथेच पाहून घ्यावी.

शिष्यवृत्ती काय किंवा बँकेचे कर्ज काय, दोन्ही मिळतात ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच. येथेच सामान्य माणसाला एक फुकटची कसोटी मिळते. एखाद्या क्लासात मोठी फी भरण्यापूर्वी त्याचे माहितीपत्रक घेऊन बँकेत जावे आणि "या अभ्यासक्रमाला कर्ज मिळेल काय?" असे विचारावे. कर्ज घ्यायचे नसले तरी विचारावे. बँक नाही म्हणाली तर का नाही, हेही विचारावे. जेथे बँक आपले पैसे घालायला तयार नाही, तेथे आईची पावती मोडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. मान्यता नसलेला प्रत्येक क्लास खोटा असतो असे मी म्हणत नाही. चांगला उस्ताद कागदाशिवायही चांगला शिकवितो. पण मग पुढील प्रश्नांची उत्तरे तरी समाधानकारक मिळाली पाहिजेत.

१. मान्यता कोणाची आहे? विद्यापीठाची, शासनाची, की नुसतेच 'आंतरराष्ट्रीय' असे छापले आहे?
२. शिकविणार कोण? जाहिरातीतला प्रसिद्ध चेहरा वर्गात किती तास येणार?
३. कॅमेरा, ध्वनियंत्र, संगणक प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती किती तास मिळणार?
४. मागच्या तुकडीतले दोन विद्यार्थी प्रत्यक्ष भेटतील काय? आज ते काय करतात?
५. फी हप्त्याने घेतात काय? पावती संस्थेच्या नावाची देतात काय? क्लास सोडल्यास किती पैसे परत मिळतील, हे लिहून देतात काय?

आणि सर्वांत महत्त्वाचे. "काम मिळवून देतो, त्याचे पैसे भरा" असे जो म्हणतो, त्याच्या दारातूनच परत फिरावे. काम देणारा माणूस पैसे देतो, घेत नाही.

शेवटी

मावशींचा मुलगा पुढे काय झाला, असे वाचक विचारतील. पैसे बुडाल्यावर तो वर्षभर कोणाशी बोलत नव्हता. मग एका ओळखीच्या माणसाबरोबर चित्रनगरीत दिवे उचलायला जाऊ लागला. मुक्त विद्यापीठातून त्याने बी. ए. पूर्ण केले, तेही सेटवर दोन दृश्यांच्या मधल्या वेळेत पुस्तके वाचून. अभिनयाचे वेड केव्हाच गेले. सेटवर राहून त्याला ध्वनीची गोडी लागली. एका ध्वनिमुद्रकाने त्याच्या हाती बूम दिला. त्यानंतर त्याने एक छोटा अभ्यासक्रम केला. त्याची फी भरण्यापूर्वी माहितीपत्रक घेऊन तो माझ्या काउंटरवर आला होता. आम्ही दोघांनी वरचे पाचही प्रश्न त्या संस्थेला फोन करून विचारले. आज तो सहायक ध्वनिमुद्रक आहे. बारावीला भौतिकशास्त्र नव्हते म्हणून पुण्याचा मोठा अभ्यासक्रम त्याला करता आला नाही, ही हळहळ त्याला आहे. दहावी झाल्यावर कोणी सांगितले असते तर, असे तो म्हणतो.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. आपल्या अभ्यासिकेत एक फाईल ठेवावी. तिच्यात या सर्व संस्थांची माहितीपत्रके, प्रवेशाच्या तारखा, शिष्यवृत्तीचे नमुने लावावेत. दरवर्षी दहावीचा निकाल लागल्यावरच्या रविवारी, या क्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या दोन-तीन माणसांना बोलावून मुलांशी त्यांची गाठ घालून द्यावी. फाईल सांभाळण्याचे आणि कर्जाचे अर्ज समजावून सांगण्याचे काम मी करीन. शनिवारी-रविवारी संध्याकाळी मी अभ्यासिकेत असतो.

मावशी आता थकल्या आहेत. मागच्या महिन्यात जिन्यात भेटल्या. शेजारच्या मुलीला रंगभूषेचा क्लास करायचा आहे, म्हणाल्या. आणि पुढे म्हणाल्या, "तिला तुझ्याकडे धाडते. पैसे भरायच्या आधी."